लवंगवाल्यांची रांग

गोंदियाहून सुटलेल्या बसने आमगाव मागे टाकलं, तोवर भूमेश्वरीने शेजारच्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं होतं. आपली शाळा, शाळेतला कधी पाणी देतो कधी नाही असा हँडपंप, मैत्रीण दिव्या, दिव्याच्या घरची राईस मिल, आणि त्या मिलवर लोळून लोळून कोंड्याने पिवळट झालेली मांजर. बाई पुढे कुठेतरी उतरणार होती, पण उतरायची घाई तिला आत्ताच झालेली दिसत होती. भूमेश्वरीला त्याचं काहीच नव्हतं. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत बोलता येणं ही काय साधी गोष्ट आहे? जन्मभर बोलत आलेल्या लोकांना त्यातली चव कळायची नाही.

"आन् सांगू का मावशी, आम्ही देवरीहून पैदल जाऊन राहिलो. थेट डोंगरगडले! बमलाई देवीच्या पायथ्यापर्यंत. चपला बी नाई घालायच्या!"

"हव का," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर लवकर येणारा हलका धान पिवळा पडायला लागला होता आणि उशिराचा भारी धान अजून हिरवागार होता. बाई ते असं बघत होती की जणू आयुष्यात पहिल्यांदाच धान दिसला.

पुढच्या सीटवर भूमेश्वरीची माय, तुलसा, मांडीवर नारळ आणि लाल चुनरी धरून बसली होती. एरवी बसमध्ये बसली की तुलसाबाई कंडक्टरचं गाव, जात, लेकरं-बाळं आणि बायकोचं माहेर एवढं विचारूनच तिकीट घ्यायची. आज आपलं गाव दवनीवाडा सोडल्यापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता. भूमेश्वरीला वाटलं, मायला बस लागत असेल.

हीच भूमेश्वरी मागच्या नवरात्रात मुकीच होती म्हणा ना. मुकी म्हणजे अगदी मुकी नव्हे. शब्द आत होते, ढिगाने होते, पण ओठापाशी येऊन अडकायचे. त्यात 'भ' तर असा अडकायचा की तिला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नसे. कुणी विचारलं, "काय वं, नाव का तुझं?" की तिची छाती भरून यायची, ओठ चिकटायचे आणि तेवढ्यात मागून मायचा आवाज यायचा, "भूमेश्वरी." आता कुठल्या वर्गात? "नववीत हाये." भात खातेस का पोळी? "भात." मायला सगळं माहीत असायचं. एखाद वेळी भूमेश्वरीला पोळी हवी असायची, पण 'प' तरी कुठे सोपा होता!

तिच्या जिभेवर उपायही काय कमी झाले? देवळातल्या घंटीत पाणी ओतून ते पाजलं. झोपताना जिभेखाली मिरीचा दाणा ठेवला. गोंदियाच्या एका डॉक्टरने सांगितलं, पोरीशी हळू बोला, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तेवढं मात्र कुणी केलं नाही.

मग दिवाळीनंतर धान निघाला आणि दिव्याच्या बापाची मिल सुरू झाली. एकदा धानाची पोती रांगेत लागलेली, मिल दणाणा चाललेली, आणि दिव्या म्हणाली, "अवं, इथं वाच ना मोठ्यानं. मेलं तरी कोनाले आयकू येत नाई." भूमेश्वरीने इतिहासाचा धडा उघडला आणि ओरडून वाचला. तिचा आवाज तिलाही ऐकू येत नव्हता. पण जीभ धावत होती! कुठे ठेच नाही, काही नाही. धडा संपला तेव्हा दोघी पोत्यांवर चढून नाचल्या. त्यानंतर रोज शाळा सुटली की मिल. आधी पट्ट्याच्या बाजूला, मग दाराशी, मग अंगणातल्या कडुनिंबाखाली, मग पार रस्त्यावर, जिथे मिल नुसती डासासारखी गुणगुणते. प्रत्येक जागी जीभ आधी अडखळायची आणि मग मोकळी व्हायची. पंधरा ऑगस्टला भूमेश्वरी शाळेच्या मैदानावर, सगळ्या गावासमोर, मिल बंद असताना बोलली. खाली उतरली तेव्हा माय पदर तोंडात कोंबून रडत होती.

तेव्हा माय एवढंच म्हणाली होती, "नवस हाये वं माझा. पैदल जायचं हाये आपल्या दोघीले." भूमेश्वरी म्हणाली, "चल ना मंग! आत्ताच जाऊ!" चालायचं म्हणजे काय तिला नवीन होतं? आणि रस्ताभर गप्पा. माय बोलकी, आता तीही बोलकी. बमलाईचे कान किटले असते.

बस देवरीला थांबली आणि चुन्नीलाल मामा दारातच होते. डोक्याला लाल पट्टी, कपाळभर कुंकू, गळ्यात शिट्टी.

"जय माता दी! आ गई मेरी भांजी? काऊन वं तुलसा, तोंड एवढंसं काऊन झालं तुझं?"

"काई नाई दादा," माय म्हणाली.

"मामाजी, मी तुमच्या पुढं पुढं चालन बघा! तुमची शिट्टी बी मीच वाजवन!" भूमेश्वरी म्हणाली. मामांनी मायकडे बघितलं. मायने खाली बघितलं. मामा हसले, पण ते हसणं पोटातलं नव्हतं.

हायवेच्या कडेला देवळासमोर मोठं पटांगण होतं. तिथून मामांच्या गावाकडचा पायी जाणाऱ्यांचा जत्था दर नवरात्रात निघायचा. पटांगण कसलं, रंगाचं कढईभर पाणी उकळत होतं तिथे! लाल साड्या, पिवळे कुर्ते, चुनऱ्या, झेंडे. एका पिकअपवर डीजेच्या पेट्या रचलेल्या आणि त्या असल्या वाजत होत्या की छातीतलं काळीज बाहेरून ठोकल्यासारखं वाटत होतं. एका झाडाखाली पोती मांडली होती. आलेला माणूस चपला काढून पोत्यात टाकायचा, पोतं भरलं की ते ट्रॅक्टरवर चढायचं आणि ट्रॅक्टर गावाकडे परत. भूमेश्वरीने आपल्या चपला सर्वात आधी, लांबून नेम धरून पोत्यात फेकल्या. नेम लागला. ट्रॅक्टर लगेच निघालाही.

पटांगणाच्या मधोमध मोठा दोर पसरला होता. मामांची पोरगी दुर्गा तो उकलत होती.

"हा कायले?" भूमेश्वरीने डीजेवरून ओरडून विचारलं.

"हायवेवर ट्रका कशा धावतात, बघितलं नाई का? सप्पा लोक दोराच्या आत चालतात. पोट्टे चारी बाजूनं दोर धरतात. दोराच्या बाहेर कोनी नाई जायचं." दुर्गा थांबली आणि तिच्या तोंडाकडे नवलाने बघू लागली. "अवं, तू तर खरंच मस्त बोलतेस वं! बोलून घे, बोलून घे. मंग तर तुले लवंगच ठेवायची हाये."

"कसली लवंग?"

"लवंग! तू लवंगवाली ना? काल रुख्माआजीनं तुझ्याच नावाची भिजवली. मीच वाटी धरली होती."

मग दुर्गाने जे सांगितलं ते असं. जत्थ्यात ज्यांचा मौनाचा नवस असतो, त्यांच्या नावाची एकेक लवंग निघायच्या आदल्या दिवशी देवीपुढच्या पाण्यात भिजवतात. निघताना जत्थ्याची म्होरकी रुख्माबाई ती लवंग त्या माणसाच्या जिभेवर ठेवते. एकदा ठेवली की डोंगरगडला बमलाईची पायरी लागेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. तहान लागली तरी नाही, पडलात तरी नाही. आणि भिजलेली लवंग परत वाटीत जात नाही. भिजली म्हणजे देवीने मोजली. ती कुणाच्या तरी जिभेवर गेलीच पाहिजे, नाहीतर सगळा जत्था अडून राहतो.

भूमेश्वरीच्या पायाखालची जमीन तापलेली होती. ती आत्ता तिला भाजायला लागली.

माय देवळाच्या पायरीशी उभी होती. भूमेश्वरी तिला ओढत डीजेच्या अगदी शेजारी घेऊन गेली आणि तिच्या कानात ओरडली, "माय! तू माझ्या जिभेचा नवस बोलली?"

मायनेही तिच्या कानाशी तोंड नेलं. "मंग कोनाच्या जिभेचा बोलू? जीभ तुझीच अडली होती ना? म्हणलं, माय बमलाई, माझ्या पोरीले बोलती कर, ते बोलनं तुझ्या पायरीपर्यंत मुक्यानं आनून तुलेच आधी आयकवीन."

"मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं असतं तर आली असती?"

"नसती आली!"

"मंग!"

"माय, मी मिलमुळं बोलली! दिव्याच्या मिलमुळं! महिनोन् महिने घसा फाडला मी तिथं!"

"मिल?" मायने तिच्याकडे असं बघितलं जसं तापात बरळणाऱ्या लेकराकडे बघतात. "मिलनं धान सुटते बाई, जीभ नाई सुटत. मागच्या नवरात्रात नवस बोलली आन् दिवाळीपासून तू बोलाले लागली. आता सांग."

आता काय सांगणार? मायचं गणित बरोबरच येत होतं. भूमेश्वरीचंही बरोबर येत होतं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी उभी आणि मायचं उत्तर उंच.

"दोन-तीन दिसाचा तर सवाल हाये," माय म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नवस फेडला नाई तर देवी वापस घेईल, भूमे. मी आता नाई सहन करू शकत. तुले लोक विचारतात आन् तू मासोळीसारखं तोंड करतेस, ते मी आता नाई पाहू शकत."

भूमेश्वरीला ओरडायचं होतं की मले बी तेच भेव वाटते! दोन-तीन दिवस तोंड बंद ठेवलं आणि चौथ्या दिवशी ते उघडलंच नाही तर? बोलणं तिच्याजवळ अजून नवं होतं, पोपटी होतं, रोज पाणी घालावं लागत होतं. ते उपटून, दाबून, चार दिवसांनी परत लावायचं? पण तेवढ्यात कुणीतरी दोघींना वेगळं केलं. बायका येऊन पाया पडायला लागल्या. हो, भूमेश्वरीच्या! लवंगवाल्यांच्या पाया पडायची रीत होती. शामकला नावाच्या मामांच्या शेजारणीने तिच्या कपाळावर हळद-कुंकू थापलं, गळ्यात चुनरी बांधली आणि गाठ अशी ओढली की गळा आवळला.

"नशिबाची हायेस पोरी. माझा नवस तर देवीनं आयकलाच नाई," शामकलाबाई म्हणाली. तिचा हात भूमेश्वरीच्या गालावर थोडा जास्तच वेळ थांबला. अशा हाताला झटकून पळायचं तरी कसं?

आणि पळून जायचं कुठे? चपला ट्रॅक्टरवरून गेल्या. बस गेली. समोर हायवे, त्यावर छत्तीसगडकडे ओरडत जाणाऱ्या ट्रका. मागे देऊळ. डाव्या बाजूला मामा, उजव्या बाजूला मामी. पोट्ट्यांनी दोर उचलला होता आणि पटांगणातल्या माणसांभोवती फिरवत आणला होता, जशी सांजवेळी ढोरं गोठ्याकडे वळवतात तशी माणसं आत आत सरकत होती. भूमेश्वरी दोराच्या आत होती. कधी आली, तिला कळलंही नाही.

लवंगवाल्यांची रांग देवळाच्या पायरीसमोर बसली. एक वाकलेला म्हातारा, एक नुकतंच लग्न झालेली बाई आणि भूमेश्वरी. म्हाताऱ्याने तिला हळूच सांगितलं, "घाबरू नको बेटा. लवंग पहिल्यांदा झोंबते, मंग सवय होते."

सवय होते. हेच तर!

रुख्माबाई पायरीवरून उतरली. उंच, काळीसावळी, पांढरे केस आणि आवाज असा की डीजेवरूनही कळला. "बंद कर रे ते भोंपू!"

डीजे बंद झाला.

आज आपण गोंगाटाच्या आडोशानेच बोलत होतो, हे भूमेश्वरीच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळपासून बसची घरघर होती, मग डीजे होता. आणि आता एकदम असं शांत झालं की रुख्माबाईच्या हातातल्या वाटीतलं पाणी हललेलं ऐकू यावं. सगळ्या पटांगणाचे डोळे रांगेवर. म्हाताऱ्याने जीभ काढली, लवंग गेली. लोक म्हणाले, "बोल बमलाई मैया की..." आणि 'जय' झाला. नव्या नवरीची लवंग गेली. जय झाला.

भूमेश्वरी उठून उभी राहिली.

"म..." ती म्हणाली.

ओठ चिकटले. तिने श्वास घेतला. मिलच्या दारात घ्यायची तसा, पोटातून. "म-म-म..." मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले गेले, आणि ती सगळी जुनी भूमेश्वरी एका क्षणात परत आली, जणू कुठे गेलीच नव्हती, फक्त दाराआड उभी होती.

पटांगणभर कुजबुज पसरली. "अवं, बघ बघ." "घेतली वापस." "उठली ना ती, म्हणून. देवीले कळते." कुणीतरी हात जोडले. मामा पुढे आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवायला लागले. "देखा ना बेटा? अब तो लेना ही पडेगा. बस खाली. हट्ट नको करू."

भूमेश्वरीला समजलं की आपण कसल्या खोड्यात सापडलो आहोत. नाही म्हणायला तोंड उघडलं तर तोतरेपणा बाहेर येणार. तोतरेपणा बाहेर आला की मायचं खरं ठरणार. जेवढी धडपड, तेवढा दोर घट्ट. आणि गप्प बसली तर? गप्प बसली तर लवंग.

त्याच वेळी तो आवाज आला. मागून, नेहमीसारखा.

"काकी, ती तयार हाये," माय रुख्माबाईला म्हणाली. "भेली जराशी, म्हणून उठली. ती म्हणते का ठेवा लवंग, मी..."

भूमेश्वरी वळली आणि तिने मायच्या तोंडावर हात ठेवला.

साऱ्या जत्थ्यासमोर! पोरीने मायचं तोंड दाबलं! कुणीतरी "हे राम" म्हणालं. मामांचा हात उठला आणि तसाच वर राहिला. पण भूमेश्वरीने हात काढला नाही. तिच्या तळव्याला मायचे ओठ लागत होते, ओले, थरथरणारे, अर्ध्या वाक्यात थांबलेले. मायचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"म-म-मी," भूमेश्वरी म्हणाली. "मी त-त-तयार... न-नाई."

मामांचा उठलेला हात खाली आला.

"म-मी चालन. डों-डों..." डोंगरगड निघेना. तिने सोडला तो शब्द. नाही, सोडला नाही. परत धरला. पटांगणात माणसं उभी आणि ती एका शब्दाशी झटतेय, गालावरून कुंकवाचा घाम गळतोय. "डों-डोंगरगडपर्यंत च-चालन. बिना च-चपलीची. प-पन मुकी नाई. अ-अडकली त-तरी म-मीच ब-ब-बोलन. म-माय नाई."

एवढ्या लहानशा बोलण्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात शाळेत एक धडा वाचून झाला असता. पण तिने ते पुरं केलं. पुरं! मधे कुणाला घुसू दिलं नाही, कारण घुसणाऱ्याचं तोंड तिच्या हाताखाली होतं.

मग तिने हात काढला. तो हात आता तिला आपलाच वाटेना. एवढा मोठा गुन्हा केलेला हात लपवायचा कुठे?

रुख्माबाई तिला वरून खाली बघू लागली. रागाने नाही, मायेनेही नाही. बाजारात बैल बघतात तशी.

"तुझं आयकलं मी," ती म्हणाली. "तू नाई म्हणते तर तुझ्या तोंडात मी जबरीनं नाई टाकत. पन ही लवंग भिजली हाये पोरी. तुझ्या नावाची. ही मी वाटीत घेऊन नाई चालू शकत, फेकू नाई शकत. घरचंच कोनी घ्या, नाई तर बसा इथंच. जत्था हालत नाई."

पुन्हा कुजबुज. आता तिच्यात चीड होती. ऊन वर आलं होतं, पुढच्या मुक्कामावर स्वयंपाक सुरू झाला असेल, आणि एका पोरीपायी सगळे खोळंबले. भूमेश्वरीला वाटलं, तो सगळा दोर आता तिच्या एकटीभोवती आहे. ओढा अजून. ती नाही म्हणाली होती खरी. पण नाही म्हणूनही सुटका झाली नव्हती.

माय पुढे आली. तिने पदर डोक्यावर नीट ओढला, रुख्माबाईसमोर गुडघे टेकले आणि तोंड उघडलं.

"तुलसा," रुख्माबाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पाहून घे बाई. तुले झोपेत बोलाची सवय हाये, मले माहीत नाई का? तुझ्यानं होते का?"

मायने जीभ बाहेर काढली. लवंग गेली. माय ओठ मिटत असताना भूमेश्वरीने तिचं तोंड बघितलं, ते रागावलेलं होतं की रडवेलं की आणखी काय, ते तिला ओळखता आलं नाही. "बोल बमलाई मैया की..." जय झाला, पण जरा उशिराने आणि विस्कळीत.

मामांनी शिट्टी वाजवली. डीजे पुन्हा सुरू झाला, पिकअप पुढे निघाली, दोर ताणला आणि जत्था हायवेवर उतरला.

डांबर तापलेलं, कडेला गिट्टी. भूमेश्वरी पुढच्या दोराच्या मागेच, मायच्या शेजारी चालत होती. आजूबाजूच्या बायकांनी दोघींभोवती थोडी जागा सोडली होती, जशी आजारी माणसाभोवती सोडतात. डीजे पुढे गेला, आवाज लांबला.

"माय," तिने विचारलं, "र-रागावली का वं?"

माय समोर बघत चालत राहिली.

"तोंडावर हात ठेवला म्हणून?"

काही नाही. मौन म्हणून गप्प की राग म्हणून गप्प? कळायला मार्ग नव्हता. भूमेश्वरी जन्मभर मायच्या बोलण्याखाली दबली होती. आता तिला कळलं की मायच्या गप्प बसण्याखालीही माणूस दबू शकतं, आणि हे ओझं तर डोंगरगडपर्यंत वाहायचं होतं. तिने मिलचं सांगायला सुरुवात केली. हळूहळू, थांबत, अडकत. पट्ट्याजवळ काय झालं, दाराशी काय झालं, कडुनिंबाखाली पहिल्यांदा स्वतःचं नाव कसं आलं. माय ऐकत होती की नाही, देव जाणे. पण मधे बोलली नाही. भूमेश्वरीच्या एकाही वाक्याचं शेपूट आज मायने ओढलं नाही.

बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की माय लंगडतेय. आधी तिला वाटलं, दमली. मग तिने मागे बघितलं. डांबरावर मायच्या उजव्या पावलाचा लाल ठसा होता, त्याच्या मागे आणखी एक. बाटलीची काच असावी. माय ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतून पाणी गाळत चालत होती. मागचे लोक पुढे ढकलत होते, दोर पुढे ओढत होता, आणि तिच्याशिवाय कुणाला काही दिसलं नव्हतं.

"थ..." भूमेश्वरी म्हणाली.

'थ' अडकला. अरे देवा, आत्ता? मामा पार पुढे होते. पोट्टे दोर धरून आपापल्या गप्पांत. "थ-थ-थ..." मागच्या बाईने ढोपर मारलं, "चाल ना वं." माय आणखी एक पाऊल टाकत होती. दुखरं पाऊल खाली टेकायच्या आत भूमेश्वरीने दोन्ही हातांनी पुढचा दोर धरला, अंगाचा भार मागे टाकला आणि तो शब्द जसा यायचा तसा येऊ दिला, तुटका, वाकडा, लांबच्या लांब: "थ-थ-थांबाऽऽ!"

दोर थांबला. दोराच्या आतली सगळी माणसं एकमेकांवर आदळत थांबली.

मामा धावत आले. मायला कडेला बसवलं. रुख्माबाईने पाऊल मांडीवर घेऊन काच काढली, शामकलाबाईने आपल्या चुनरीची पट्टी फाडून बांधली. रक्त थांबलं नव्हतं. मामांनी कपाळ पुसलं आणि ते, गप्प माणसाच्या शेजारच्याला विचारायच्या जुन्या सवयीने, भूमेश्वरीकडे वळले.

"आता का करायचं? पिकअपमंदी बसन का ती? का म्हणते तुझी माय?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. मायसुद्धा.

उत्तर भूमेश्वरीच्या जिभेवर आलंच होतं. बसेल ना, पाय बघा किती कापला, ती म्हणते बसवा गाडीत. अगदी सहज आलं होतं, 'ब' असूनही. माय नाही म्हणू शकत नव्हती. तिच्या तोंडात लवंग होती.

भूमेश्वरीने ते गिळलं.

"म-मले माहीत नाई मामाजी," ती म्हणाली. "तिले वि-विचारते."

ती मायसमोर उकिडवी बसली आणि विचारलं. मग थांबली. मामा म्हणाले, "अरे, जल्दी," तरी थांबली. मायने पोरीकडे बघितलं. तिच्या गालात ती लवंग एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली. मग तिने एक हात भूमेश्वरीच्या खांद्यावर टेकवला, जड, सगळा भार टाकून, आणि उठून उभी राहिली. हनुवटीने समोरच्या रस्त्याकडे खूण केली.